पाचट पेटवू नका, कोळसा करा

ऊस तुटला. गाड्या भरून कारखान्याला गेला. रानात राहिले पाचट. मग आपण काय करतो? एक काडी ओढतो. घटकाभरात सारे रान पेटते. ‘रान साफ झाले’ म्हणून आपण घरी येतो. घरी कारभारीण ओली लाकडे फुंकीत बसलेली! रानातले जळण जाळले आणि चुलीला जळण नाही. याला शहाणपण म्हणावे काय?

आम्हीही पुष्कळ वर्षे हेच केले. म्हणून आज हे सांगतो.

एकरी तीन-चार टन पाचट निघते. त्याचा कोळसा करता येतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने त्यासाठी सुटसुटीत भट्टी तयार केली. त्या कामाला २००२ साली इंग्लंडचे ॲशडेन पारितोषिक मिळाले.

कोळसा होतो कसा? पाचट उघड्यावर जळले की त्याला भरपूर हवा मिळते. मग राखच उरते. हवा कोंडली तर कोळसा उरतो. सारी युक्ती एवढीच.

भट्टी म्हणजे एक मोठे पिंप. त्यात पत्र्याचे ७ डबे बसतात. डब्यांत वाळलेले पाचट दाबून भरावे. झाकणे लावावीत. खाली थोडे पाचट पेटवावे. डबे तापले की आतून वायू निघतो. तोही पेटतो आणि डब्यांना आणखी आच देतो. वायू निघणे थांबले की काम झाले. पण गरम डबा लगेच उघडू नये. वारा लागला की कोळशाची राख होईल.

हा कोळसा भुसभुशीत असतो. त्याचा चुरा करावा. पिठाची खळ शिजवून त्यात कालवावी. साच्यातून कांड्या पाडाव्यात आणि उन्हात कडक वाळवाव्यात. हाच कांडी कोळसा. याला धूर फार कमी.

परंतु एक गोष्ट विसरू नका. धूर नसला तरी जळत्या कोळशातून विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवू नये. थंडीत उबेसाठी शेगडी जवळ ठेवून तर मुळीच झोपू नये. झोपेतच माणूस दगावतो.

आणि सारे पाचट उचलू नका. काही सरीत पसरा. ते कुजून जमिनीचे खत होते, ओलही टिकते.

थोडे जमिनीला द्यावे, थोडे चुलीला द्यावे. आगीला मात्र फुकट देऊ नये.