शनिवारी घाणा बंद

बेंदराला आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. ‘आज बैलाला सुटी,’ असं म्हणतो. पण दर आठवड्याला माणसाला आणि बैलाला, दोघांनाही विसावा देणारे लोक कोकणात होते. त्यांची माहिती आम्ही सांगतो.

अलिबाग, पेण, रोहे ह्या भागात बेने इस्रायल नावाचे यहुदी लोक शेकडो वर्षे राहिले. त्यांची बोली मराठी. आडनावे गावांवरून पडलेली. पेणकर, रोहेकर, दिवेकर. पुष्कळांचा धंदा तेलाच्या घाण्याचा.

शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा घाणा थांबे. तो शनिवारी दिवेलागणीपर्यंत बंदच. ह्या दिवशी मालकाने, गड्याने, बैलानेही राबायचे नाही, असा त्यांचा धर्म सांगतो. चूल पेटवायची नाही. पैशाची देवघेव नाही. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. घरात तेल संपत आले असेल, तर शुक्रवारीच नेलेले बरे!

त्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात. अधिक महिनाही असतो. त्यामुळे सणांची तारीख दरसाल बदलते. नवे वर्ष सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागते. तो ‘नव्याचा सण’. दहाव्या दिवशी कडक उपास. पाण्याचा घोटसुद्धा नाही. त्या दिवशी दारे लावून घ्यायची, बाहेर कोणाशी व्यवहार करायचा नाही. म्हणून त्याचे नाव ‘दारफाळणीचा सण’.

घाणा स्वतःचा, म्हणून सुटी आपल्या हाती. पण चाकरीत काय? नारायण मेघाजी लोखंडे झटले आणि 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. यहुद्यांचा विसाव्याचा वार मात्र शनिवार. कामावर जावे तर नेम मोडतो, न जावे तर मजुरी बुडते. दोन्हीकडून पंचाईत.

1948 नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायल देशात गेले. तिथे शनिवारी बहुतेक दुकाने आणि गाड्या बंद असतात. रविवारी कामे सुरू होतात. थोडी घरे अजून मुंबई, ठाणे, अलिबागकडे आहेत. 2016 साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

ह्यातून आपण काय घ्यावे? बाजारात दुसऱ्या धर्माचा माणूस भेटला, तर त्याच्या सणाचा वार विचारून ठेवा. सौदा एक दिवस मागेपुढे झाला म्हणून बिघडत नाही. आणि आणखी एक गोष्ट. आपला बैल बेंदराला विसावतो. आपला गडी कधी विसावतो, तेवढे बघा.