छत्री, सेट टॉप बॉक्स आणि किल्ली

सोयगाव हे अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव. दक्षिणेला हळद्याचा घाट आणि वेताळवाडीचा किल्ला, उत्तरेला जळगावच्या दिशेने पसरत गेलेला सपाट मुलूख. एवढा मोकळा मुलूख सोडून घरांवरच्या टीव्हीच्या छत्र्या मात्र डोंगराच्या बाजूलाच तोंड करून असतात. शिवाय शेजारशेजारच्या दोन छत्र्यांची तोंडेही पुष्कळदा वेगवेगळ्या दिशांना असतात. असे का, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. त्याच्या मागोमाग आणखी दोन प्रश्न येतात. कंपनी बदलली की जुना सेट टॉप बॉक्स निरुपयोगी का होतो? आणि जुन्या बॉक्समध्ये रेकॉर्ड करून ठेवलेल्या कार्यक्रमांचे काय होते?

शेवटचा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. २०२० साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका झाली. त्याच वर्षी पहिली ते बारावीपर्यंत ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ या कल्पनेवर केंद्र सरकारच्या बारा शैक्षणिक वाहिन्या आल्या. पण प्रक्षेपणाची वेळ आणि मुलांच्या हाती टीव्ही येण्याची वेळ नेहमी जुळतेच असे नाही. पाठ साठवून आपल्या वेळेला दाखवता आला, तरच तो शिक्षकाच्या खऱ्या उपयोगाचा. म्हणून साठवलेला पाठ आपल्याकडे राहतो की नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे.

डोंगर आड का येत नाही?

पूर्वी घरावर ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना असे. तो जमिनीवरच्या मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरी पकडत असे. मनोरा आणि अँटेना यांच्यामध्ये डोंगर आला की चित्रात मुंग्या दिसत. छत्रीच्या बाबतीत मनोऱ्याच्या जागी उपग्रह असतो आणि तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात एक प्रदक्षिणा करतो. त्यामुळे तो आपल्याला आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, म्हणून हे सर्व उपग्रह आपल्या दक्षिणेच्या आकाशात असतात.

आता उंचीचा हिशेब करू. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ सेवेच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्व रेखांशावरून येतात. तेथे असलेला जीसॅट-१५ हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला. सोयगाव सुमारे २०.६ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.६ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यावरून आम्ही केलेला हिशेब असा : सोयगावहून हा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर आणि आग्नेयेला दिसतो. एवढ्या उंचीवरून येणारी लहर अडवायची तर एक किलोमीटर अंतरावरचा डोंगर आपल्यापेक्षा सुमारे १.६ किलोमीटर उंच हवा. अजिंठ्याची रांग एवढी उंच नाही. लहर डोंगराच्या पुष्कळ वरून येते. आड येतो तो अंगणातला कडुनिंब किंवा शेजाऱ्याचा वरचा मजला.

दिशा बदलते

सगळ्या कंपन्यांचे उपग्रह एका जागी नाहीत. ‘टाटा प्ले’साठी जून २०२२ मध्ये सोडलेला जीसॅट-२४ हा उपग्रह ८३ अंश पूर्वेला आहे. सोयगावहून तो सुमारे ६४ अंश उंचीवर आणि दक्षिणेपासून पूर्वेकडे फक्त २० अंशांवर दिसतो. ९३.५ अंशांवरचा उपग्रह मात्र दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे ४३ अंशांवर आहे. म्हणजे ‘टाटा प्ले’ सोडून ‘फ्री डिश’ घ्यायची तर छत्री सुमारे २३ अंश पूर्वेकडे वळवावी लागेल आणि सहा अंश खाली झुकवावी लागेल.

मधल्या दिशेला ठेवून दोन्हीचे काम भागणार नाही का? नाही. छत्रीवर येणाऱ्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. साठ सेंटिमीटरची छत्री अशा लहरींसाठी आकाशातला जेमतेम तीन अंशांचा पट्टा पाहते. दीड-दोन अंशांची चूकही तिला सहन होत नाही. माकडाने किंवा वादळाने छत्री जराशी हलली की चित्र जाते, ते यामुळेच.

छत्री पाहताना एक गोष्ट विद्यार्थ्यांना बुचकळ्यात टाकते. उपग्रह ५८ अंशांवर आहे, पण छत्री तर बरीच उभी दिसते. याचे कारण ती पूर्ण वाडगा नसून मोठ्या वाडग्याच्या एका बाजूचा कापलेला तुकडा असते. त्यामुळे लहरी गोळा होण्याची जागा समोर न येता खालच्या बाजूला येते. तेथे दांड्यावर बसवलेल्या ग्राहकाची सावली छत्रीवर पडत नाही, आणि पावसाचे पाणीही तिच्यात साचत नाही.

औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने २००९ मध्ये ‘डीटूएच’ ही सेवा सुरू केली. २०१८ मध्ये ती ‘डिश टीव्ही’त विलीन झाली. तेव्हा एकीच्या वाहिन्या ८८ अंशांवरून येत होत्या आणि दुसरीच्या ९५ अंशांवरून. कागदावर कंपन्या एक झाल्या, म्हणून आकाशातले उपग्रह काही एका जागी आले नाहीत.

भाषा बदलते

दिशा साधली तरी काम संपत नाही. केबलचालक मोठ्या तबकड्यांनी अनेक उपग्रहांवरच्या वाहिन्या गोळा करतो आणि त्या वेगळ्या पद्धतीने तारेवर चढवून घरोघर पाठवतो. म्हणून केबलचा बॉक्स छत्रीला जोडून चालत नाही आणि छत्रीचा बॉक्स केबलला जोडून चालत नाही. ग्रामीण भागातील केबल पूर्णपणे अंकीय करण्याची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. तोपर्यंत तार थेट टीव्हीला जोडून भागत असे. अंकीय केबलला बॉक्स आवश्यक झाला.

एचडी म्हणजे नेमके काय, हे साध्या गुणाकाराने कळते. जुन्या पद्धतीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० चित्रबिंदू असतात. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० असतात. बरोबर पाचपट! दर बिंदूला सरासरी १२ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली तर एचडीसाठी दर सेकंदाला सुमारे ६२ कोटी बिट पाठवावे लागतील. एवढी जागा उपग्रहावर नसते. म्हणून बातम्या देणाऱ्या निवेदकाच्या मागची न बदलणारी भिंत पुन्हा पुन्हा पाठवली जात नाही. आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले, तेच मुख्यतः पाठवतात. अशा काटकसरीने हा आकडा ८० लाखांच्या आसपास आणता येतो. हे आवळलेले चित्र उलगडण्याचे काम बॉक्स करतो. जुन्या बॉक्सला नवी आवळण्याची रीत ठाऊक नसेल, तर छत्री अचूक असूनही पडदा काळाच राहतो.

नवा एचडी बॉक्स आणूनही चित्र पूर्वीसारखेच दिसते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तेव्हा आधी बॉक्सची मागची बाजू पाहावी. पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या टोकांच्या जुन्या तारेतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. त्यासाठी एचडीएमआय तार हवी.

किल्ली बदलते

‘टाटा प्ले’च्या उपग्रहाच्या लहरी पैसे भरणाऱ्याच्या आणि न भरणाऱ्याच्या छपरावर सारख्याच पडतात. मग कंपनी पैसे कशाचे घेते? कुलपाच्या किल्लीचे! सशुल्क वाहिन्या सांकेतिक रूपात पाठवतात आणि ते रूप उलगडणारी किल्ली बॉक्समध्ये किंवा त्यातल्या कार्डात असते. कंपनी ही किल्ली उपग्रहामार्फतच वारंवार बदलत असते. महिन्याचे पैसे भरले नाहीत की नवी किल्ली मिळत नाही. एका कंपनीच्या कुलपाला दुसरीची किल्ली लागत नाही. एकच बॉक्स सर्वांसाठी चालावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये केली होती. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’वरच्या बहुतेक वाहिन्यांना मात्र कुलूपच नसते.

साठवलेला पाठ कोणाचा?

आता रेकॉर्डर पेटीकडे येऊ. १९९९ मध्ये अमेरिकेत अशा पेट्या बाजारात आल्या आणि आपल्याकडे ‘टाटा स्काय’ने २००८ मध्ये तशी पेटी आणली. ही पेटी चित्र नव्याने आवळत नाही. उपग्रहाकडून आलेले आवळलेले चित्र जसेच्या तसे चकतीवर उतरवते. सेकंदाला ८० लाख बिट म्हणजे १० लाख बाइट, म्हणजे तासाला ३.६ गिगाबाइट. यावरून ५०० गिगाबाइटच्या चकतीवर सुमारे १३९ तासांचे एचडी कार्यक्रम मावतील. चकतीचा लिहिण्या-वाचण्याचा वेग याच्या कितीतरी पट असतो. म्हणून रांजणात वरून पाणी ओतत असतानाच खालच्या तोटीने काढावे, तसा चालू कार्यक्रम थांबवून मागून पाहता येतो.

एक वाहिनी पाहताना दुसरी साठवायची तर पेटीत दोन ग्राहक हवेत. उपग्रहाच्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारे कंप पावतात. कोणत्या हव्यात, हे पेटी तारेतून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून छत्रीवरच्या ग्राहकाला सांगते. एका तारेवर एका वेळी एकच निरोप जातो. म्हणून अशा पेटीला बहुधा छत्रीपासून दोन तारा ओढाव्या लागतात. वीज गेली तर ठरवलेले रेकॉर्डिंग होत नाही. भारनियमनाच्या गावात पेटीला इन्व्हर्टरचा आधार द्यावा.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. सशुल्क सेवेच्या पेटीत साठवलेला कार्यक्रमही सामान्यतः कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच पेटीशी आणि त्याच वर्गणीशी बांधलेली असते. चकती काढून संगणकाला जोडली तरी काही दिसत नाही. समजा, एखाद्या शाळेने दोन वर्षे विज्ञानाचे शंभर पाठ अशा पेटीत जमवले आणि मग कंपनी बदलली. ते शंभर पाठ चकतीवर असतील, पण शाळेचे नसतील. याउलट कुलूप नसलेल्या वाहिनीवरचा पाठ यूएसबीवर रेकॉर्ड करणाऱ्या साध्या बॉक्सने साठवला, तर तो सामान्यतः संगणकावरही पाहता येतो.

म्हणून कंपनी बदलण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. नव्या उपग्रहाच्या दिशेला झाड किंवा भिंत आड नाही ना? आपला टीव्ही एचडी आहे का आणि तार योग्य आहे का? जुन्या पेटीत जपण्याजोगे काही आहे का? असेल तर ते वर्गणी संपण्यापूर्वी पाहून, टिपून घ्यावे. शाळेसाठी पाठ जमवायचे असतील तर कुलूप नसलेली सेवाच निवडावी.

करून पाहा

उपग्रह डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची जागा सूर्य दाखवतो. सोयगाव परिसरात ११-१२ मार्चच्या सुमारास सकाळी साधारण ११ वाजून १४ मिनिटांनी सूर्य ९३.५ अंशांवरच्या उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या वेळी एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी करा. तिची सावली सुमारे ६१ ते ६२ सेंटिमीटर पडेल. सावलीच्या टोकापासून काठीच्या टोकापर्यंत दोरी ताणली की ती थेट उपग्रहाकडे रोखलेली असेल. सूर्याकडे मात्र कोणीही पाहू नये. सूर्यही रेडिओलहरी पाठवतो, त्यामुळे याच वेळी ‘फ्री डिश’चे चित्र काही मिनिटे बिघडू शकते. दोन गटांनी एकाच वेळी, एकाने अंगणात आणि एकाने टीव्हीसमोर, नोंदी घ्याव्यात. मग विद्यार्थ्यांना विचारावे : ८३ अंशांवरच्या छत्रीचे चित्र त्या दिवशी किती वाजता बिघडेल? आमच्या हिशेबाने १२ वाजून ३ मिनिटांच्या आसपास. तो हिशेब बरोबर आहे का, हे त्यांनी स्वतःच पडताळावे.