वर्कशॉपचे कान

झाशीच्या मराठी घरांमध्ये कानांचा विषय निघाला की रेल्वेचं वर्कशॉप येतंच. १८९५ साली सुरू झालेलं हे वर्कशॉप. तिथे घण आणि रिव्हेटच्या दणदणाटात नोकरी काढलेली माणसं निवृत्त होतात ती पेन्शन आणि अधू कान घेऊन.

अशा कानाचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, बघण्यात मला भलताच रस. खालच्या पट्टीत रेघ बरी चालते आणि ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात कोसळते. स्वर खालच्या पट्टीतले, म्हणून ते ऐकू येतात. स, श, फ, थ यांचा कस वरच्या पट्टीत, म्हणून ते गळतात. माझ्या ओळखीचे एक काका भाजीवालीने ‘साठ’ म्हटलं की आठ रुपये काढून द्यायचे आणि वर हुज्जत घालायचे. काकू म्हणायच्या, “ह्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं!” शास्त्राच्या दृष्टीने हा काकांवर घोर अन्याय आहे.

आणखी एक गंमत. आतल्या कानातल्या केशपेशी मेल्या की हळू आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच बोचतो. हेच काका गणेश मंदिरात (१८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचं लग्न झालं तेच हे मंदिर) आरतीला झांजांपासून चार हात लांब उभे राहतात. म्हणून सगळंच सरसकट मोठं करणारी स्वस्तातली यंत्रं माझ्या मते पैसे बुडवण्याचा धंदा. चांगलं डिजिटल मशीन हळू आवाज जास्त उचलतं, मोठा जवळपास तसाच सोडतं, आणि तेही प्रत्येक पट्टीचा हिशेब वेगळा ठेवून.

मग काकांच्या नातवाने एअरपॉड्स प्रो हे इयरबड आणले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने त्यातल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. ती सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी, तीही १८ वर्षांवरच्यांना. भारतात सुरुवातीला ही सोय बंद होती, तेव्हा बंगळुरूच्या काही तरुणांनी आज्यांसाठी फॉइलचा पिंजरा बांधला, मायक्रोवेव्ह कामाला लावला आणि आपण अमेरिकेत आहोत असं उपकरणाला पटवलं! हा किस्सा मी भेटेल त्याला ऐकवतो.

काकांना इयरबड आवडले. म्हातारपणाची पाटी कपाळावर लागत नाही म्हणाले. पण गाणी ऐकताहेत असं समजून लोक बोलायचेच थांबले. पाच-सहा तासांत चार्जिंग लागायचं, शिवाय सेटिंगसाठी आयफोन किंवा आयपॅड हवाच. कानामागच्या मशीनचा केशरी पट्टीचा १३ नंबरचा सेल आठवडाभर सहज पुरतो. मुख्य म्हणजे काकांचा खड्डा ‘मध्यम’च्या पार खाली. शेवटी मशीनच घ्यावं लागलं.

मशीनसाठी सरकारी मदतीचं थोडक्यात: अपंगांना उपकरणं देणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे, गरीब ज्येष्ठांसाठी वयोश्री २०१७ पासून, यंत्रं पुरवणारी एलिम्को शेजारच्या कानपूरची.

बहिरेपणा सौम्य असेल, घरात आयफोन किंवा आयपॅड असेल आणि मशीनची लाज वाटत असेल, तर इयरबड जरूर लावा. पण आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा आणि तिचा कागद मागून घ्या. त्यासाठी झाशीत महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर दोन्ही उपकरणं विसरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.