चौसिंगा : नाव आणि नावाबाहेरची

भांडुपच्या पश्चिमेस डोंगर चढू लागला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य लागते. तेथील प्राण्यांत चौसिंग्याची नोंद आहे. आपण त्यास सरसकट हरीण म्हणतो. वस्तुतः तो कुरंग होय. हरणाची शिंगे दरवर्षी गळतात, कुरंगाची जन्मभर टिकतात. चार शिंगांचा वन्य प्राणी जगात हा एकच. मागील जोडी बोटभर, पुढील जेमतेम खुंटाएवढी. चौ अधिक शिंग, एवढीच नावाची फोड. ‘टेट्रासेरस क्वाड्रिकॉर्निस’ हे शास्त्रीय नावही तेच सांगते, एकदा ग्रीकमध्ये, पुन्हा लॅटिनमध्ये!

आफ्रिकेच्या दाट झाडीतील डायकर या कुरंगाचे नाव मात्र त्याच्या वागण्यावरून पडले. डच भाषेत त्याचा अर्थ ‘बुडी मारणारा’. चाहूल लागताच तो झुडपांत बुडी घेतो. आपला चौसिंगाही तसाच बुजरा. पण नाव ठेवणाऱ्यांनी शिंगेच पाहिली, आणि ती फक्त नरालाच असतात. मादी बिनशिंगी, म्हणून तिला पुष्कळदा भेकर समजले जाते. भेकराच्या तोंडावर काळ्या रेषा असतात; चौसिंग्याच्या पुढील पायांवरून काळसर पट्टा उतरतो, आणि तो मादीलाही असतो.