समुद्रातली दुसरी वसई

वालीवच्या माणसाला पत्ता विचारला तर तो 'वसई पूर्व' असे सांगेल. गंमत अशी की ओएनजीसीच्या नकाशातही एक 'वसई पूर्व' आहे; पण ते भर अरबी समुद्रात, आणि तिथे रिक्षा नव्हे, हेलिकॉप्टर जाते. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने मुंबई हायला तेल शोधले. पुढे आसपास जी क्षेत्रे सापडली, त्यांतल्या काहींना वसईचे नाव मिळाले. तिथला वायू नळाने हजिऱ्याला जातो.

या भागात पाणी उथळ. मुंबई हायला ते जेमतेम ७५ मीटर. त्यामुळे पोलादी सांगाडा तळावर उभा करायचा, खांब जमिनीत ठोकायचे आणि वर मजले चढवायचे. पाणी खोल असले की मात्र पाय नुसते लांब करून भागत नाही, बूडही रुंद करावे लागते. मेक्सिकोच्या आखातात १९८८ मध्ये 'बुलविंकल' नावाचा असा सांगाडा ४१२ मीटर पाण्यात उभा राहिला. त्यापुढे पोलादाचा खर्च परवडत नाही.

मग पायच काढून टाकायचे! विहिरींची तोंडे आणि झडपा समुद्रतळावर, आणि वर नांगरलेले प्रचंड जहाज. लवचिक नळांतून तेल वर येते. जहाजावर पाणी आणि वायू वेगळे होतात, तेल टाक्यांत साठते आणि दुसरे जहाज ते घेऊन जाते. काही जहाजांत नांगराचे दोर आणि नळ एका फिरत्या खुंट्याला बांधतात. वारा फिरला की जहाज त्याभोवती फिरते, नळांना पीळ पडत नाही. दावणीचे जनावर खुंट्याभोवती फिरते, तसेच.

काकिनाड्यासमोर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात रिलायन्सने २००८ मध्ये सुमारे १२०० मीटर खोलीवरून असे तेल काढले. ते क्षेत्र २०१८ मध्ये बंद झाले. त्याच खोऱ्यात ओएनजीसीचे तेल ७ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. ते मेणचट. खोल समुद्राच्या थंडीत थिजून नळ तुंबायची भीती, म्हणून नळात नळ घालून त्याची ऊब राखावी लागली.

खरी कसोटी नांगराची. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईसमोर 'पी-३०५' या कामगारांच्या तराफ्याचे नांगर सुटले. तो भरकटून एका फलाटावर आदळला आणि बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी ७० हून अधिक माणसे दगावली. तो तराफा तात्पुरत्या मुक्कामाचा होता, तेलजहाज तिथेच वर्षानुवर्षे राहते. म्हणून त्याचे दोर अनेक असतात, एखादा तुटला तरी बाकीच्यांनी जहाज धरून ठेवावे अशा बेताने बांधलेले. काही जहाजांना मोठ्या वादळाआधी खुंटा सोडून निघून जाता येते. नळ पाण्याखाली तरंगत राहतात, आणि वादळ सरले की जहाज परत येऊन ते जोडून घेते.