दुसरा आकडा

२०२० साली खोपटच्या चाळींत आणि सोसायट्यांत दोन नवे आकडे शिरले. पहिला ऑक्सिजनचा. बोटाला चिमटा लावावा, आकडा पंच्याण्णवच्या वर दिसला की घरचे जेवायला बसत. दुसरा डी-डायमरचा. ठाण्याचे सिव्हिल रुग्णालय तेव्हा करोनासाठी राखलेले, नातेवाइकांना आत मज्जाव. हाती काय, तर मोबाइलवर आलेला तपासणीचा कागद. बँकेत मी जन्मभर आकडे तपासले; पण माणसांची झोप इतकी उडवणारा आकडा पाहिला नाही.

रक्त गोठणे आणि गोठलेले विरघळणे हा शरीराचा रोजचा व्यवहार. गुठळी विरघळताना तिचे जे तुकडे रक्तात उरतात, त्यांचे मोजमाप म्हणजे डी-डायमर. व्यवहार वाढला एवढे तो सांगतो. रक्कम कुठे अडकली ते नाही. गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतर, नुसत्या उतारवयातही तो चढतो.

रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीचे अस्तर दुखावणे आणि रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही गुठळीची तीन कारणे जर्मन वैद्य रुडॉल्फ विरशो यांच्या नावाने ओळखली जातात. खाटेला खिळलेल्या करोनाच्या रुग्णात तिन्ही एकत्र आली. पायाच्या खोल शिरेत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन बसे. एप्रिल २०२० मध्ये हॉलंडच्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातल्या १८४ रुग्णांचा हिशेब मांडला. प्रतिबंधक औषध सगळ्यांना चालू होते, तरी ३१ टक्क्यांना गुठळ्यांचा उपद्रव झाला.

मग औषध वाढवा, असेच कुणीही म्हणेल. नातेवाईक फोनवर डॉक्टरांना तेच विनवत. पण हेपारिन दुधारी: गुठळी टळते, रक्तस्राव ओढवतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे निकाल छापून आले, ते चक्रावणारे होते. वॉर्डातल्या, बेताच्या आजारी रुग्णांना पूर्ण मात्रेचा फायदा झाला. अतिदक्षता विभागातल्यांना झाला नाही. ज्यांच्यासाठी जीव तुटत होता, नेमकी त्यांच्याच बाबतीत वेळ निघून गेलेली असावी. पहिल्या लाटेत हे कुणालाच ठाऊक नव्हते. डॉक्टर अंदाजाने मात्रा ठरवत होते, आणि त्यांना दोष देणाऱ्यांनी तारखांकडे पाहावे.

करोना ओसरला, खाटा आहेतच. खुब्याचे हाड मोडलेली आजी, कर्करोगाचा रुग्ण, नुकतीच बाळंत झालेली सून, यांनाही हा धोका असतो आणि घरी सोडल्यावर काही आठवडे तो टिकतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा बसल्याजागी अचानक धाप लागून छातीत कळ आली, तर डी-डायमरचा कागद शोधत बसू नये. रिक्षा बोलवावी आणि रुग्णालय गाठावे.