लेकराचा वाढदिवस आणि रिटर्न गिफ्ट: स्वस्त हवं, पण कामाचं हवं

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठल्याही मोहल्ल्यात जा. दोन वर्षांच्या लेकराचा वाढदिवस म्हटला की केकच्या जोडीला आता एक खर्च ठरलेलाच असतो, तो म्हणजे रिटर्न गिफ्ट. आलेलं प्रत्येक मूल घरी जाताना हातात एक पिशवी घेऊन जातं. त्या पिशवीत बहुतेक वेळा एक शिट्टी, दोन फुगे, लाईटची अंगठी, जेलीच्या वाट्या, चार चॉकलेटं आणि एक प्लास्टिकची गाडी असते. गाडीचं चाक घरी पोचेपर्यंत निघालेलं असतं. पैसे जातात आणि वस्तू टिकत नाही. शिवाय ज्या वयाच्या मुलांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांनाच यातल्या बऱ्याच वस्तूंपासून धोका असतो.

वाढदिवस साजरा करावा की नाही, याबद्दल आपल्यात वेगवेगळी मतं आहेत. त्या चर्चेत आम्ही इथे जात नाही. तो निर्णय घराने आणि आपल्या उलेमांना विचारून घ्यावा. पण अकीका असो, बिस्मिल्लाखानी असो की वाढदिवस, मुलांना काही द्यायचंच असेल तर ते कसं निवडावं, एवढंच इथे सांगतो आहोत.

आधी यादी, मग बाजार

दुकानात जाण्याआधी कागदावर दोन आकडे लिहा: किती मुलं येणार आणि ती किती घरांतली आहेत. समजा १८ मुलं येणार आहेत. प्रत्येकी ६० रुपयांची पिशवी धरली तर १,०८० रुपये होतात. तीच मुलं ११ घरांतली असतील आणि घरटी ८० रुपयांची एक वस्तू दिली, तर ८८० रुपयांत काम होतं आणि वस्तूही जास्त चांगली मिळते. सख्ख्या भावंडांना तीन सारख्या पिशव्या देण्यापेक्षा त्या घराला एक टिकाऊ वस्तू दिलेली बरी.

दुसरं म्हणजे वय लिहा. दीड वर्षाचं लेकरू आणि त्याची आठ वर्षांची बाजी यांना एकच वस्तू चालत नाही. मोठ्या बहिणीला दिलेली बारीक मण्यांची माळ संध्याकाळी धाकट्याच्या तोंडात असते. म्हणून घरातल्या सगळ्यात लहान मुलाला चालेल, तेच सगळ्यांना द्यावं.

तोंडात मावेल ते नको

तीन वर्षांच्या आतलं मूल वस्तू हातात आली की आधी तोंडात घालतं. त्याची श्वासनलिका अरुंद असते आणि मागच्या दाढाही पुऱ्या आलेल्या नसतात. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत सुमारे ३.२ सेंटीमीटर रुंदीचं एक नळकांडं वापरतात. जी वस्तू किंवा तुकडा त्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याचा मानतात. चेंडूसारखी गोल वस्तू असेल तर ती साडेचार सेंटीमीटरपेक्षा मोठी हवी. शाळेची पट्टी घेऊन हे घरीही मोजता येतं.

या वस्तू पिशवीतून सरळ काढून टाका:

- फुगे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात चिकटून बसला तर तो सहज निघत नाही.
- लाईटच्या अंगठ्या आणि आवाजाची स्वस्त खेळणी. यांच्यात बटणासारखे चपटे सेल असतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आतही आतून गंभीर भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या किंवा १०८ ला फोन करा.
- छोटी लोहचुंबकं, गोट्या, मणी, बारीक शिट्ट्या.
- जेलीच्या वाट्या, कडक गोळ्या, अख्खे शेंगदाणे आणि चिक्की.

आणखी एक गोष्ट. फुग्यांच्या आणि कँडीच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. दुकानात दिसलं तरी घेऊ नका.

कामाच्या वस्तू

स्टीलची वाटी किंवा कानाचा पेला. भांड्यांच्या दुकानात एकदम डझनभर घेतले तर भाव कमी करून मिळतो. भांड्यावर नाव घालायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. देणाऱ्याचं नाव घालतात तसं इथे पाहुण्या मुलाचं नाव घाला. आपलं नाव असलेल्या वाटीत लेकरू चार घास जास्त खातं, आणि ती वाटी शाळेत जाईपर्यंत टिकते. कडा हाताला लागत नाहीत ना, हे आधी बघून घ्या.

कापडी चेंडू, लाळेरं, छोटी पिशवी. मोहल्ल्यात शिवणकाम करणारी एखादी आपा किंवा खाला असतेच. तिच्याकडे सुती कतरन पडलेली असते. मोठ्या मुठीएवढा चेंडू आतही कापडाच्या चिंध्या भरून पक्का शिवून घ्या. बटण, टिकली, घुंगरू, मणी लावू नका. शिलाईचे पैसे मात्र घासाघीस न करता द्या. एरवी बाहेरच्या कारखान्याकडे जाणारा पैसा इथे आपल्याच गल्लीतल्या घरात जातो.

चित्रांचं पुस्तक. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली पुस्तकं मराठीत आणि उर्दूतही निघतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि उर्दू गोष्टी मोफत आहेत, आणि लेखक-चित्रकारांचं नाव ठेवून त्या छापायला परवानगी आहे. आठ-दहा पानांची एक गोष्ट निवडा, मंचर किंवा आळेफाट्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जाड कागदावर छापून घ्या आणि बाजूने दोऱ्याने शिवा. पिना नकोत, त्या निघून तोंडात जातात. ज्या घरी अब्बा मराठी वाचतात आणि दादी उर्दू, तिथे एकच गोष्ट दोन्ही भाषांत देता येते.

कोऱ्या कागदाची वही आणि जाड खडू. जुन्नरकरांना हे शोभून दिसेल. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. तो बनवणारे कागदी हे मुस्लिम कारागीर होते आणि पेशवाईच्या दप्तरात हा कागद वापरला जाई. पुण्यातल्या कागदीपुऱ्याचं नाव याच धंद्यावरून पडलं. ज्या गावाने दप्तरांना कागद पुरवला, तिथल्या लेकरांच्या हातात पहिली भेट म्हणून कोरा कागद पडला तर चांगलंच आहे. खडू अंगठ्याएवढे जाड घ्या. बारीक खडू मोडतात आणि त्यांचे तुकडे गिळले जातात. लेकरू रेघोट्या मारत असताना जवळ बसा.

रोप. पुदिन्याला तर पैसेही लागत नाहीत. घरच्या कुंडीतल्या काड्या कापून पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात. दह्याच्या रिकाम्या डब्यात माती भरून दोन-तीन आठवडे आधी लावा. कढीपत्त्याचं रोप रोपवाटिकेत मिळतं. पण बियाण्याची पाकिटं मुलांच्या हातात देऊ नका. आपल्याकडे शेतीच्या दुकानात मिळणारं बरंच बियाणं औषध लावलेलं, गुलाबी किंवा निळं असतं. लेकराला ते गोळीसारखं दिसतं आणि ते विषारी असतं.

खाऊ द्यायचा तर

बी काढून बारीक चिरलेला खजूर, घरचा रव्याचा मऊ लाडू, केळं, हे लहान मुलांना चालतं. शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू करणार असाल तर मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे आईला आधी विचारा. वर्षाच्या आतलं बाळ येणार असेल तर मध घातलेलं काही त्याला देऊ नका. बाजारातल्या मऊ, रबरासारख्या गोळ्यांत अनेकदा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यापासून बनतं. पाकिटावर हिरवा ठिपका आहे का बघा आणि घटकांची यादी वाचा. हलालचा प्रश्न तिथेच मिटतो.

खेळणं घेणारच असाल तर

१ जानेवारी २०२१ पासून कारखान्यात बनलेल्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर तपासता येतो. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना यातून सूट आहे. त्यामुळे सावंतवाडीसारखं लाकडी खेळणं घेतलं आणि चिन्ह दिसलं नाही तर लगेच संशय नको. मात्र रंग निघतो का, चाक ओढून निघतं का, हे स्वतः बघा. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासा. रंग लागला तर ठेवून द्या.

देताना एवढं सांभाळा

आपल्या भागात कुणाचं घर टोमॅटो-कांद्याच्या भावावर चालतं, कुणाचं रोजंदारीवर. एका घराने ३०० रुपयांची पिशवी दिली की पुढच्या महिन्यात वाढदिवस असलेल्या घराची झोप उडते. मग कुणी उधारी करतं, तर कुणी तब्येतीचं कारण सांगून मुलाला पाठवतच नाही. त्या लेकराची दोस्ती तुटते आणि कारण कुणालाच कळत नाही. हदिया देणं सुन्नत आहे, पण सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टीला साफ मनाई आहे. दोन्ही एकत्र सांभाळायचं, तर वस्तू अशी निवडा की मोहल्ल्यातलं सगळ्यात कमी कमाईचं घरही तशीच देऊ शकेल.

सगळ्यांना एकसारखं द्या. कोणी काय आणलं हे बघून देऊ नका. वाटपाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कार्यक्रम असरच्या आधी ठेवला तर जेवणाचा खर्च वाचतो. शिवाय उसाच्या पट्ट्यातल्या वस्त्यांवरून येणाऱ्यांना बिबट्याच्या भीतीने अंधारात लेकरं घेऊन परतावं लागत नाही.

आणि काहीच दिलं नाही तरी चालतं. तेच पैसे धरून जवळच्या अंगणवाडीत जा आणि काय कमी आहे ते सेविकाताईंना विचारा. चार-पाच चित्रांची पुस्तकं किंवा एक चटई दिली तर वर्षभर तीस लेकरं ती वापरतील, आणि त्यांत वाढदिवसाला आलेलीही असतील. पाहुण्यांना तसं आधीच तोंडी सांगून ठेवा, म्हणजे जाताना कुणी पिशवीची वाट बघणार नाही.